टाचेमागची खूण

दादाचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि भिंगकाकांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. लिहायला ते अकरा वेळा बसले होते. दर वेळी दुसऱ्या ओळीत काहीतरी खटकायचं, मग कागद फाटायचा आणि पत्र पुन्हा शब्दकोशाच्या जाडजूड पोटात जाऊन बसायचं. शब्दकोशाला घरात दुसरं कोणी हात लावत नसे, त्यामुळे जागा सुरक्षित होती.

काकांनी उभी हयात एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. हातात कायम भिंग, म्हणून छापखान्यात त्यांना भिंग म्हणत. निवृत्तीनंतर त्याला काका चिकटलं एवढंच. त्यांच्या हातून एकच मोठी चूक सुटली होती. एका शोकसंदेशात गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या जिवंत भावाचं नाव छापलं गेलं होतं. तो भाऊ छापखान्यात येऊन शांतपणे म्हणाला होता, "मी आहे अजून." त्या दिवसापासून काकांचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता, आणि तेव्हापासून इतरांवरही फारसा नव्हता.

दादाने लिहिलं होतं, "बारक्या, माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पावलावरच्या जखमेला पट्टी बांधली ती घट्ट बांधली. आठवड्यात बोटं काळी पडली. डॉक्टर म्हणतात पट्टीचा दोष नाही, पट्टी बांधणारा म्हणतो मला सांगितलं तसं बांधलं. सगळे कागद पिशवीत भरून ठेवलेत. जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास, आता ही एक माझ्यासाठी काढ. उजवा पाय शाबूत आहे, पण तोही गार पडायला लागलाय. ये."

आपल्याला वैद्यकातलं काय कळतं? आणि वाचूनही चूक सापडली नाही तर? की दादाच्या पन्नास वर्षांच्या सिगारेटींपाशीच जाऊन थांबली तर? ते तोंडावर कसं सांगायचं? काकांनी पत्र ठेवून दिलं.

पाच महिन्यांनी कपाटाचा कोपरा त्यांच्याच उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला लागला. बोराएवढं खरचटलं होतं. ते मिटायचं सोडून पसरलं. पोटरी सुजून गच्च झाली, आजूबाजूची कातडी तपकिरी पडून खाजू लागली. डॉक्टर म्हणाले, रक्त खाली जातं ते वर चढत नाही, घरी येऊन मलमपट्टी करायला सिस्टर पाठवतो. काकांनी मान हलवली. दादाच्या पत्राविषयी ते डॉक्टरांशीही बोलले नाहीत आणि सुनेशीही.

सिस्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. चाळिशीच्या, आडव्या बांध्याच्या, बोलण्यात तुटक. पहिल्या दिवशी त्यांनी दंडाला आणि घोट्याला आळीपाळीने पट्टा बांधून फुगवला, पेनासारखी एक कांडी पायावर टेकवली आणि तिच्यातून येणारा सुंऽ सुंऽ आवाज ऐकत दोन आकडे वहीत लिहिले. मग बादलीत प्लास्टिकची पिशवी पसरून कोमट पाण्याने पाय धुतला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, सुकलेल्या कातडीला मलम चोपडलं. जखमेवर न चिकटणारी जाळी, तिच्यावर कापूस आणि सगळ्यात वर बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत एक रुंद, ताणली जाणारी पट्टी.

"बोटं निळी पडली, बधिर झाली, ठणका लागला, तर लगेच पट्टी काढायची आणि मला फोन करायचा," त्या म्हणाल्या. "एरवी हात लावायचा नाही. बसलं की पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. आणि रोज चालायचं. पोटरी हलली की रक्त वर ढकललं जातं. काही विचारायचंय?"

काकांना बरंच विचारायचं होतं. "नाही," ते म्हणाले.

घट्ट पट्टी. पत्रातला तोच शब्द आता पायाला गुंडाळलेला होता.

सिस्टर गेल्यावर त्यांनी भिंग काढलं. बोटं गुलाबी होती. तासाभराने पुन्हा पाहिली, तेव्हाही गुलाबीच. पण पाहता पाहता भिंगाखाली पट्टीवरची छपाई आली, आणि काकांच्या मनात पाल चुकचुकली. उरलेल्या गुंडाळीवर उभट चौकटी छापलेल्या होत्या, नीट, एकसारख्या, रुंदीपेक्षा उंच. पायावरच्या मात्र चारी बाजूंनी सारख्या झाल्या होत्या. म्हणजे सिस्टरांनी पट्टी इतकी ओढली होती की छापील आकारच बिघडला होता. छापलेलं जसंच्या तसं राहिलं पाहिजे हे काका चाळीस वर्षं शिकले होते. बिघडवण्यासाठी कोणी काही छापतं का?

दुपारी दोन ते चार सून शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून लोकांच्या बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायची. तिचं काम तेच होतं. "मशीन हलतंय का सर? कोणी मध्ये उघडलं होतं का?" मग थोडं थांबून, "बरं, कोणीच हात लावला नाही." फोन ठेवला की ती स्वतःशी पुटपुटायची, "कोणीच लावत नाही बाबा हात. आपोआप उघडतात."

त्या दोन तासांत काकांनी पट्टी सोडली आणि चौकटी उभट राहतील अशी पुन्हा गुंडाळली. काम इतकं सुबक झालं की त्यांना जरा अभिमानच वाटला. पायही मोकळा झाला. पुढे तो नेमच पडला. सिस्टर ओढून जायच्या आणि काका दुरुस्त करायचे.

वही घरातच असे. काका ती रोज वाचायचे. जखमेची लांबी चार पूर्णांक दोन सेंटिमीटर, मग चार पूर्णांक एक, मग चार पूर्णांक चार. चार आठवडे झाले तरी आकडा जागचा हलेना. पहिल्या पानावरचे दंडाचे आणि घोट्याचे आकडे जवळजवळ सारखे होते. हे तर जास्तच संशयास्पद. दंड कुठे, घोटा कुठे? आणि शाई शेवटच्या पानापर्यंत एकच. सगळं एका बैठकीत लिहिलं असेल काय? दर खेपेला सिस्टर फोनवर जखमेचा फोटो काढायच्या, तो कोणाला दाखवत असतील? दारात उभ्या राहून त्या सुनेशी हळू आवाजात काय बोलत असतील? एकदा अर्धंच कानावर पडलं होतं, "आणखी तीन आठवडे बघू, नाहीतर मग—" आणि दार लागलं होतं.

नाहीतर मग काय, हे काकांना दादाच्या पत्रावरून ठाऊक होतं.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी सिस्टरांनी पट्टी सोडल्यावर आधी पोटरीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"ताई, जरा इकडे या," त्यांनी सुनेला हाक मारली. "मधल्या दिवसांत पट्टी कोण सोडतं?"

"कोणीच नाही."

"सूज जशीच्या तशी आहे. पट्टी नीट राहिली असती तर एव्हाना निम्मी उतरली असती. आंघोळीच्या वेळी काढता का? तसं असेल तर सांगा, मी रागावणार नाही."

"मी हातसुद्धा लावलेला नाही, सिस्टर."

सिस्टरांच्या चेहऱ्यावर सुनेचीच ओळ उमटलेली काकांना वाचता आली. कोणीच लावत नाही हात. सून त्यांच्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी सांगा."

काकांना खरं सांगावंसं वाटलं. पण कबूल केलं तर उद्यापासून पट्टी ओढलेलीच राहणार आणि पाय जाणार. ते म्हणाले, "ती कशाला लावेल?" हे खरंही होतं आणि पुरतं खरं नव्हतंही. सून त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि फोन वाजला म्हणून आत गेली. संध्याकाळी तिने चहाचा कप नेहमीच्या जागी ठेवला, पण नेहमीसारखं "बाबा, निवतोय" म्हणाली नाही.

त्या दिवशी नवी पट्टी बांधून झाल्यावर सिस्टरांनी गुडघ्याखाली, पट्टी संपते तिथे, पेनाने एक रेघ ओढली. अर्धी वरच्या वेढ्यावर, अर्धी खालच्या. काकांनी ते पाहिलं आणि मनात म्हणाले, बाई हुशार आहे. दुसऱ्या दुपारी त्यांनी पट्टी उभट चौकटींत गुंडाळली आणि भिंग लावून रेघेला रेघ जुळवली. दोनदा तपासली. कोणी म्हणणार नाही की इथे काही झालं होतं.

शुक्रवारी सिस्टर स्टुलावर बसल्या, रेघेकडे पाहिलं आणि हसल्या. त्यांना हसताना काकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"जुळलीय," त्या म्हणाल्या. "मी काढली होती त्याहून सरळ आहे." मग त्यांनी पाय हलकेच उचलून टाच स्वतःकडे वळवली. "ताई, हे बघा. टाचेमागे मी दुसरी रेघ ओढली होती. तिचे दोन तुकडे दोन बोटं लांब गेलेत."

सून दारात उभी होती. हेडफोन गळ्यात.

"मंगळवारी मी तुमच्यावर संशय घेतला, ताई," सिस्टर म्हणाल्या. "माझं चुकलं. तुम्ही पट्टी बांधली असती तर पायाशी बसून बांधली असती, टाच तुमच्या तोंडासमोर आली असती आणि ही रेघ दिसली असती. ही न दिसणारा माणूस एकच. ज्याचा पाय आहे तो."

काकांनी भिंगाकडे पाहिलं. सगळीकडे पोचणारं ते भिंग त्यांच्याच टाचेमागे पोचलं नव्हतं. त्यांचे कान तापले. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सून फक्त म्हणाली, "मशीनवाले परवडले. ते निदान परके असतात." आणि तिथेच उभी राहिली. आत फोन वाजत होता, तो तिने वाजू दिला.

"का सोडत होता, काका?" सिस्टरांनी विचारलं.

काका उठले, लंगडत कपाटाशी गेले, शब्दकोश काढला आणि पत्र सिस्टरांच्या हातात दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, मग सुनेकडे दिलं.

"चौकटी मोडत होत्या," काका म्हणाले. "छापलेल्या उभट, तुम्ही ओढून चौरस करत होता. मला वाटलं जास्त होतंय."

सिस्टरांनी नवी गुंडाळी काढून हातभर सोडली आणि दोन्ही हातांनी ताणली. "त्या चौरस होण्यासाठीच उभट छापतात, काका. चौरस झाल्या की ताण बरोबर. त्यापुढे ओढलं की आडव्या होतात, मग समजायचं जास्त झालं. बांधणाऱ्याला अंदाज यावा म्हणून आहे ते. हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, आणि माझी घाई."

काकांनी पट्टी हातात घेतली आणि स्वतः ताणून पाहिली. चौकट उभट, मग चौरस. आणखी ओढली, आडवी झाली. हात सैल सोडला, पुन्हा उभट. चार आठवडे ते बरोबर असलेलं खोडून चूक लिहीत होते.

"पण दादाचा पाय?" त्यांनी विचारलं. "तो घट्ट पट्टीनेच गेला ना?"

"मी तिथे नव्हते, नक्की कसं सांगणार? पण तुमच्या पायात रक्त उतरतं, वर चढायला अडतं. त्यांचा पाय गार पडतो म्हणतात, म्हणजे कदाचित रक्त खालीच पोचत नसेल. तसल्या पायाला अशी पट्टी बांधायची नसते. म्हणून तर आधी दंड आणि घोटा मोजायचा. तुमचे आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणून मी बांधली. घोट्याचा आकडा फार कमी आला असता तर मी गुंडाळीला हातही लावला नसता." त्यांनी पत्राची घडी पुन्हा उघडली. "त्यांच्या कागदांत हे दोन आकडे आहेत का?"

"मी पाहिले नाहीत," काका म्हणाले. "त्याने बोलावलं होतं."

सुनेने पत्राच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, हा उजवा पाय. सात महिने झाले याला."

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. या सात महिन्यांत कोणी त्या उजव्या पायालाही पट्टी बांधली असेल तर?

सुनेने दादाकडे फोन लावून दिला. बऱ्याच वेळाने दादा फोनवर आला. "कोण? बारक्या? जिवंत आहेस होय." उजवा पाय होता तसाच होता, पट्टीही कोणी बांधली नव्हती. आणि पट्टी, जखम, कशाचंही निमित्त निघालं तरी आधी मोजून घे, हे काकांनी तीनदा सांगितलं. दादा म्हणाला, "फोन कानाला धरून नीट ऐकू येत नाही मला. लिहून पाठव. मी विसरतो. आणि कागदांचं काय ते पण लिही." आणि ठेवून दिला.

"आता तरी लिहा," सून म्हणाली. रुसवा अजून पुरता गेला नव्हता, पण तिने लिहायचं पॅड उशीवर आणून ठेवलं. "आणि कच्चं-पक्कं करत बसू नका."

"नाहीतर मग काय होतं, सिस्टर?" पाय नव्याने बांधून सिस्टर निघाल्या तेव्हा काकांनी विचारलं. "तुम्ही दारात म्हणाला होतात. तीन आठवडे बघू, नाहीतर मग."

सिस्टर आठवू लागल्या. "नाहीतर मग मोठ्या डॉक्टरांना दाखवू, म्हटलं होतं." आणि पिशवी उचलून गेल्या.

बारावं पत्र काकांनी एका बैठकीत लिहिलं. कागदांत दंडाचा आणि घोट्याचा आकडा शोधायचा आहे, सापडला तर तो वाचायला आणि नाही सापडला तर तेच सांगायला मी येतोय. सापडेल असं वचन देत नाही, माझी नजर तुला वाटते तितकी चांगली नाही, नुकतंच कळलंय. उजवा पाय मोजल्याशिवाय कोणाला बांधू देऊ नकोस. आणि सात महिने गप्प राहिलो, ती चूक कोणाची हे शोधावं लागणार नाही. तिसऱ्या ओळीत एक शब्द दोनदा पडला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला.

मग त्यांनी चप्पल घातली. चौरस चौकटी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढत गेल्या होत्या. रोज चालायचं आहेच, असं सुनेला सांगून ते निघाले. शिंप्याचं दुकान गेलं, सायकलवाल्याचं गेलं. पोटरी प्रत्येक पावलाला दुखत होती, पण हलत होती. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी ते थांबले. पत्ता भिंगाने एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायला भिंग उचललं, आणि तसंच खिशात टाकलं.

पत्र पेटीत पडल्याचा आवाज झाला. काका तरीही थोडा वेळ पेटीला कान लावून उभे राहिले.