घडीतला पत्ता

नीरजाला जाऊन चार महिने झाले आणि दत्तोपंतांनी तिचं कपाट पहिल्यांदा उघडलं. तेसुद्धा तिच्याकडे शिकायला येणारी मोनिका त्या रविवारी चार वाजता येणार होती म्हणून. कपाट उघडायची भीती वाटत होती असं नाही. काहीच वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, दूध तापवायचं, पेपर वाचायचा. काय वाचलं ते कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नीरजानं एकच काम सांगितलं होतं. "अहो, माझे पत्ते मोनिकाला द्या. पण मोजून द्या. एक जरी कमी असला ना, तर त्या संचाला काही अर्थ राहत नाही." दत्तोपंत "बरं" म्हणाले होते. त्यानंतर ती जे बोलली ते गुंगीतलं होतं, म्हणून हेच तिचं शेवटचं धड बोलणं. एवढं एक काम चोख करायचं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

मोजायचं काम त्यांना नवीन नव्हतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. बाहेर जाणाऱ्या मालाच्या तिथं दोन चिठ्ठ्या असत: परत येणाऱ्या मालाची गुलाबी, न येणाऱ्याची पांढरी. चिठ्ठीशिवाय दत्तोपंत वॉशरसुद्धा देत नसत. नाव दत्तात्रय, पण या वागण्यामुळे कामगारांनी चाळिशीतच त्यांचं दत्तोपंत करून टाकलं.

नीरजा पोस्टातून निवृत्त झाली आणि टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांच्या, मागे लागली. गारखेड्यातल्या बायका यायच्या, मुलीच्या लग्नाचं विचारायच्या, मुलाच्या नोकरीचं विचारायच्या. ती पत्ते मांडायची. दत्तोपंत पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे. दर पाडव्याला ती विचारायची, "तुमच्यासाठी एक काढू का?"

"माझं आता काय व्हायचं राहिलंय?"

"काढून तर बघू."

"नको."

असे अकरा पाडवे झाले.

आता त्यांनी पलंगावर सगळे संच ओळीनं मांडले. चौदा. एक सोडून प्रत्येक संच एकेका ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेला. हळदीकुंकवाला ओटीत आलेले ते खण. असले खण कोणी शिवत नाही, ते या घरातून त्या घरात फिरत राहतात. नीरजाच्या कपाटात आल्यावर त्यांचं फिरणं थांबलं होतं.

दत्तोपंतांनी दहा-दहाच्या गड्ड्या लावून मोजायला सुरुवात केली. टॅरोचे अठ्ठ्याहत्तर, हे डब्यावर लिहिलेलं होतं. ओरॅकल म्हणून दुसरा प्रकार होता, त्यात पत्त्यावर एखादं वाक्य छापलेलं आणि संख्येला काही धरबंध नाही. डब्यावर कुठे छत्तीस लिहिलेले, कुठे चव्वेचाळीस. एका संचात राजा-राणी सगळी मांजरं होती. एकात नुसती झाडं. एक संच गोल पत्त्यांचा, त्याची गड्डी पलंगावर नीट उभी राहीना. एकावर चहा सांडून कडा फुगलेल्या होत्या. तो चहा बहुधा त्यांच्याच हातून सांडला होता.

संचांबरोबर एक शंभर पानी वही निघाली. डब्यातली पुस्तकं इंग्रजीत, म्हणून नीरजानं प्रत्येक पत्त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहिला होता.

'पेल्यांची राणी – करुणाताई. सगळ्यांचं ऐकून घेते, स्वतःचं सांगत नाही.'

'मूर्ख – सुरुवात. लेक वैदेही पुण्याला निघाली तो दिवस. डबा घरीच विसरली.'

'चार नाणी – आमचे हे. स्टोअरची किल्ली.'

त्यांनी चार नाण्यांचा पत्ता शोधून काढला. एक माणूस नाणं छातीशी घट्ट धरून बसला होता, दोन नाणी पायाखाली दाबलेली, एक डोक्यावर. हसू यायला हवं होतं. आलं नाही. पत्ता परत गड्डीत ठेवून त्यांनी मोजणी पुढे चालू केली.

तेरा संच बरोबर भरले. चौदाव्याला कापड नव्हतं. पत्ते डब्यात तसेच, वर दुधाच्या पिशवीचं रबर. हा सगळ्यांत जुना संच, नीरजा याच्यावरच शिकली होती. मोजले तर सत्त्याहत्तर. परत मोजले. सत्त्याहत्तर. कपाटाचे कप्पे पाहिले, पलंगाखाली पाहिलं, वहीची पानं झटकली. तीन वाजून गेले होते. चौदांतला एक संच कमी भरणार, म्हणजे तिनं सांगितलेलं एकुलतं एक काम अपुरं राहणार.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "भाऊजी! ओ भाऊजी! पाणी आलंय की. मोटर लावा!"

शेजारच्या लीलाबाई. नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं, आणि ते आलं की गल्लीभर त्यांचा आवाज जायचा. दत्तोपंत उठले नाहीत. लीलाबाई स्वतःच आत आल्या, मोटर चालू केली आणि खोलीच्या दारात थांबल्या.

"हे काय मांडलंय?"

"एक पत्ता कमी आहे. आणि याला फडकं पण नाही."

लीलाबाई एरवी बोलायच्या थांबत नसत. आता थांबल्या आणि स्टुलावर बसल्या.

"हिरवं व्हतं का ते फडकं? बारीक बुट्ट्यांचं?"

"मला काय माहीत."

"मीच नेलं भाऊजी ते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी किती गडबड झाली. सवाष्ण गेली, तिची ओटी भरायची. नारळ व्हता, तांदूळ व्हते, खण काय सापडंना. दुकानं उघडली नव्हती. मी हे कपाट उघडलं, वरचंच हिरवं काढलं, पत्त्यांना रबर लावून डब्यात ठेवलं. घडीत एक पुठ्ठा राहिला व्हता. मला वाटलं नव्या ब्लाऊजपीसमधी पुठ्ठा येतो, त्यातलाच. म्हटलं असू द्या, घडी ताठ राहतीय. तसंच ओटीत घातलं."

"म्हणजे तो पत्ता..."

"तिच्यासंगं गेला."

वर गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायचा आवाज येत होता.

"शिव्या द्या मला," लीलाबाई म्हणाल्या. "काही तरी बोला. चार महिने झाले, तुम्ही धड रागावत पण नाही कोणावर."

दत्तोपंतांनी राग येतो का ते पाहिलं. आला नाही. "तुमची काय चूक," ते म्हणाले. तेही सवयीनं.

मोनिका चारला दहा कमी असतानाच आली, मोठी कापडी पिशवी घेऊन. क्रांती चौकाजवळ चष्म्याच्या दुकानात कामाला होती, सुट्टीच्या दिवशी नीरजाकडे शिकायला यायची. झाला प्रकार ऐकून तिनं तो जुना संच हातात घेतला. मोठे बावीस पत्ते बाजूला काढले, बाकीच्यांच्या पेले, नाणी, तलवारी, काठ्या अशा चार रांगा लावल्या. दोन मिनिटं लागली.

"'तीन काठ्या' हा पत्ता नाही, काका."

मग तिनं डब्याच्या तळातून एक पांढरा पत्ता काढला. "हा कोरा येतो सोबत. याच्यावर 'तीन काठ्या' लिहायचं, की झाला संच पूर्ण. सगळेच करतात असं."

"मग करा की भाऊजी," लीलाबाईंचा जीव भांड्यात पडला. "पोरगी म्हणतीय तर."

दत्तोपंतांनी पेन हातात घेतलं. चौदाच्या चौदा संच गेले असते, काम संपलं असतं. पण तपासणीला साहेब येणार म्हणून रॅकमध्ये रिकामं खोकं ठेवून आकडा भरणारे स्टोअरवाले त्यांनी पाहिले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाही. कमी ते कमी. ती मोजून द्या म्हणाली होती. जुळवून द्या नव्हती म्हणाली."

"मग हा मी नाही नेत, काका. काकूंनी मला याच्यावरच शिकवलं होतं. पण अपुरा नको."

तेरा संच तिच्या पिशवीत गेले. दत्तोपंतांनी एका कागदावर यादी करून तिची सही घेतली.

"सही कसली घेता पोरीची? ती काय माल घेऊन पळतीय व्हय?"

"राहू द्या हो मावशी," मोनिका म्हणाली. "काकू सांगायच्या मला, घरात साखर मागितली तरी चिठ्ठी मागतात."

लीलाबाई हसल्या. दत्तोपंत पलंगावरच्या वहीकडे बघत होते.

"तीन काठ्या म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

पत्त्यांबद्दलचा हा त्यांचा पहिला प्रश्न. मोनिका सांगायला लागली, "पुस्तकात असं दिलंय..."

"पुस्तकातलं नको. तिचं."

मोनिकानं वहीत पान शोधलं आणि वाचलं, "'तीन काठ्या – वाट बघणे. चित्रातला माणूस पाठमोरा आहे, समुद्राकडे बघतो. आपण गच्चीवरून टँकरची वाट बघतो तसा. येतो, पण आपल्या वेळेला नाही.'"

 मग वरून धो-धो पाणी पडायला लागलं. टाकी भरून वाहत होती. लीलाबाई "अगं बाई" करत मोटर बंद करायला पळाल्या. तिथून तशाच घरी गेल्या आणि एक कोरा निळा ब्लाऊजपीस घेऊन आल्या. घडी उलगडली, आतला पुठ्ठा काढून दोघांना दाखवला. "बघा. हा पुठ्ठाच हाय."

दत्तोपंतांनी संच त्यात गुंडाळला. एक कोपरा बाहेरच राहिला. मोनिकानं उलगडून परत दाखवलं, आधी खालून, मग दोन्ही बाजूंनी, आणि त्यांच्याकडून करून घेतलं. दुसऱ्या वेळी जमलं.

दोघी गेल्यावर त्यांनी वही जवळ ओढली. नीरजाच्या ओळीखाली तारीख टाकली, आजची नाही, ती गेली त्या दिवशीची. लिहिलं: 'एक नग बाहेर. नीरजासोबत.' पुढे गुलाबी की पांढरी हे लिहायचं राहिलं होतं. तिथं त्यांना बराच वेळ लागला. पाणी गेलं होतं, उघड्या राहिलेल्या नळाला नुसती हवा येत होती. ती थांबल्यावर त्यांनी 'पांढरी' असं लिहिलं आणि खाली सही केली.

मग वही आणि तो संच कपाटात ठेवला. दार लोटलं. किल्ली लावली नाही.