उभ्या रेषेचा चढ

सहा वर्षं मी बदली शिक्षिका होते. कायमची जागा एकच, उमेदवार चार, आणि तिच्यासाठी परीक्षकांसमोर एक तास घेऊन दाखवायचा. नाही मिळाली तर बहिणीसारखं हाँगकाँगला लोकांच्या घरी भांडी घासायला जायचं, हे घरात ठरून गेलं होतं. त्या सकाळी फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावरच्या आमच्या शाळेत मी फळा तीनदा पुसला, दोन खडू मोडले. मुलं म्हणाली, "मॅम, बसा की जरा!" बसवत कुठे होतं!

परीक्षक तिघे. त्यांतले पालमारेस सर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे. मागच्या बाकावर पेन सरसावून बसले.

विषय होता चढावरून चौकोन ओळखायचा. चार बिंदू द्यायचे, प्रत्येक बाजूचा चढ काढायचा. समोरासमोरचे चढ सारखे आले तर त्या बाजू समांतर. शेजारच्या दोन चढांचा गुणाकार उणे एक आला तर काटकोन. पहिला चौकोन तिरका होता, झकास सुटला. मग मला वाटलं, आता सोपा देऊ. दोन बाजू आडव्या, दोन उभ्या. आपल्याच पायावर धोंडा.

"आडव्या बाजूचा चढ किती?"

"शून्य!"

"आणि उभीचा?"

"नाही!" सगळा वर्ग एका सुरात.

हे माझंच शिकवणं. 'व्याख्या करता येत नाही' हे मुलांच्या तोंडी बसेना, म्हणून मी आमच्या इलोंगो बोलीत सोपं करून दिलं होतं, 'चढ नाही'. आणि आमच्याकडे कोळ्याला विचारा, आज मासे किती मिळाले? "नाही," म्हणेल. म्हणजे शून्य.

जोव्हेलिनने हात वर केला. कोळ्याचीच पोर, प्रश्न विचारल्याशिवाय तिला घास जात नाही. "मॅम, उभीला चढ नाही म्हणजे शून्य. आडवीलाही शून्य. मग चारही बाजू समांतर झाल्या की! त्या भेटल्या कुठे? कोपरे आले कुठून?"

वर्ग खो खो हसला. पालमारेस सरांनी विचारलं, "उभीला शून्य कुणी शिकवलं गं?"

ती माझ्याकडे बघू लागली. बाकीच्यांच्या वहीत 'नाही' होतं. हिने डोकं चालवून शून्य लिहिलं होतं, आणि चाळीस वह्या एका दमात तपासताना मी त्यावर लाल पेनाने 'बरोबर'ची खूण ठोकली होती.

"नीट ऐकत जा, जोव्हेलिन," मी म्हणाले. "शून्य असं मी कधी म्हटलं?"

"सॉरी, मॅम. माझं चुकलं." ती खाली बसली.

मग मी घडाघडा समजावलं. उभी रेषा वर जाते पण बाजूला सरकतच नाही, शून्याने भागता येत नाही, म्हणून तिचा चढ सांगताच येत नाही. बोलताना मला माझीच लाज वाटत होती.

सर वह्या बघायला उठले. जोव्हेलिनच्या बाकापाशी थांबले, पानं उलटली. त्यांनी वही मिटली आणि पुढे गेले.

तास संपला, परीक्षक मुख्याध्यापकांच्या खोलीत पनसितच्या शेवया खायला गेले. जोव्हेलिन मागे रेंगाळली. तिने घडी घातलेला कागद माझ्या हातात कोंबला.

"सर वह्या बघायला उठले तेव्हाच फाडला, मॅम. तुमची जागा गेली असती ना."

शून्य, आणि शेजारी माझी लाल खूण. तो कागद घेऊन मी मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत गेले. आत ताटल्या वाजत होत्या, कुणीतरी माझ्या तासाचं कौतुक करत होतं. मी परत फिरले.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात सांगितलं, "कालची चूक माझी होती, जोव्हेलिनची नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"मला माहितीये, मॅम," जोव्हेलिन म्हणाली. "पण ते सर काल होते."

महिन्याने जागा मला मिळाली. त्या वर्षी जोव्हेलिनने पुन्हा हात वर केला नाही.