सयाजीचा गोठा काळेवाडीला

वकिलाला आंबे न्यायचे की नाहीत, यावरून चिमाजी आणि गवराबाईची तांबडं फुटायच्या आधीच जुंपली.

"पाडाचे हायेत. वकिलाम्होरं रिकाम्या हातानं कसं जायचं?" चिमाजी डालीत पेंढा दाबत म्हणाला.

"आठ येळा भरल्या हातानं गेलाव. शेंगा झाल्या, तूप झालं, गावरान कोंबडा झाला. कागद झाला का?"

"करतो म्हनलेत."

"कशाला करतील? जाग्याव वैरन मिळाल्याव म्हस रानात जाईल व्हय चरायला?"

चिमाजीला हे पटत होतं. पण कोटवाल्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे देवाला पाय लावण्यासारखं, अशी त्याची समजूत. त्यानं डाल खांद्यावर घेतली. गवराबाईनं ती काढून आपल्या कमरेवर ठेवली आणि म्हणाली, "म्या पन येते. आंबे माझ्यापशी ऱ्हातील."

घडलं होतं ते असं. मुरारीला, म्हणजे यांच्या एकुलत्या एक लेकाला, पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात काम लागलं. तळवडं ते पिंपरी सायकल हाणून हाणून पोरगं वाळून गेलं, निगडीच्या माळावर दोनदा पडून गुडघे फोडून आलं. तेव्हा गवराबाईनंच ठरवलं की घर विकायचं आणि कारखान्याजवळ जायचं. तळवड्याचं घर शेजारच्या सयाजीनं मागितलं, त्याला गोठ्याला लागून जागा हवीच होती. काळेवाडीत कौशल्याबाई नावाची एकटी बाई घर विकून जुन्नरला लेकीकडं निघाली होती, ते यांना पसंत पडलं. दोन्ही खरेदीखतं करायचं काम माघात चिंचवडच्या उद्धवराव वकिलांकडं दिलं.

माघ गेला, फाल्गुन गेला, चैत गेला. वकील दर खेपेला डालीत डोकावायचे आणि म्हणायचे, "पुढच्या बुधवारी या." दोनातलं एकही घर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आता आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, परवावर आली होती आणि आखितीला सयाजी घरात येणार, हा शब्द दिलेला. कौशल्याबाई उद्याच्या मोटारीनं जुन्नरला जाणार, आणि तिच्या दारात एक ठेकेदार महिनाभर टपून बसलेला. आज कागद झाला नाही तर ठेकेदार घर घेणार, आणि चिमाजीचा संसार गाडीत भरून रस्त्यावर.

पुण्याच्या रजिस्टर कचेरीत चिमाजी, गवराबाई, सयाजी आणि कौशल्याबाई अशी चौघं दहाच्या ठोक्याला हजर झाली. वकील उगवले साडेबाराला, पानाचा तोबरा भरून. बसायच्या आधी त्यांनी डाल पाहिली.

"आंबे का, चिमाजी?"

"व्हय जी," चिमाजी म्हणाला.

"कागद झाल्याव," गवराबाई म्हणाली आणि डालीवर पदर ओढला.

आत साहेबांसमोर कारकून कागद वाचायला लागला. कागद वाचला की सगळ्यांनी मिळून व्हय म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. विचारणारा दीडशहाणा म्हणून नावं ठेवून घेतो, त्यापेक्षा मान हलवलेली बरी. ही रीत गवराबाईलाही ठाऊक होती. पण सकाळपासून ती चिडलेली होती, आणि चिडलेल्या माणसाला ऐकू चांगलं येतं.

"मौजे काळेवाडी येथील कौशल्याबाई यांचे घर," कारकून वाचत होता, "यांसी चतुःसीमा. पूर्वेस म्हसोबाचे ठाणे."

"व्हय," चिमाजी म्हणाला.

"पश्चिमेस सयाजी यांचा गोठा."

"व्हय," चिमाजी म्हणाला. मागून सयाजीही म्हणाला, "व्हय."

"थांबा वं," गवराबाई म्हणाली. "सयाजी भावजी, तुमी तुमचा गोठा काळेवाडीला कवा नेला?"

साहेबांनी चष्मा काढला. दुसरा कागद उघडला, तर त्यात तळवड्याच्या घराच्या पूर्वेला काळेवाडीच्या पवना नदीची वाट निघाली. वकिलांनी काळेवाडीच्या सीमा तळवड्याला आणि तळवड्याच्या काळेवाडीला घालून ठेवल्या होत्या.

"म्हंजी आमी आमचंच घर इकत घेत हुतो," गवराबाई म्हणाली, "आन सयाजी भावजींला कौशल्याबाईचं इकत हुतो."

"मी कच्चा मसुदा चिमाजीला वाचून दाखवला होता," वकील म्हणाले. "हो म्हणाला तो."

ते खरं होतं. चिमाजी खाली बघत म्हणाला, "वकीलसायेब वाचत्यात म्हंजी बराबरच आसंल, आसं वाटलं."

"किरकोळ चूक आहे," वकील घड्याळ बघत उठले. "अंगठे करून टाका, मागाहून दुरुस्ती करू. नाहीतर पुढच्या बुधवारी या."

चिमाजी अंगठा पुढं करायच्या बेतात होता, गवराबाईनं त्याचं मनगट धरलं.

"सायेब," तिनं वकिलाला सोडून थेट टेबलामागच्या साहेबांना विचारलं, "आजच्या आज नीट करता येतंय का?"

"चुकीचा मजकूर खोडून शेजारी बरोबर लिहा. खाडाखोडीवर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. पाचपर्यंत मी आहे."

"ऐकलं न्हवं?" ती वकिलांना म्हणाली. "बसा मग. म्या सांगते, तुमी ल्ह्या."

साहेबांच्या देखत वकिलांना पळता येईना. ते बाकावर बसले आणि गवराबाई उगवतीकडं तोंड करून उभी राहिली. "ह्ये तळवड्याचं दार. म्होरं म्हसोबा. पाठीला सयाजी भावजींचा गोठा. डाव्या अंगाला गावकीची वाट. उजव्या अंगाला आमच्या दिराची भित." मग कौशल्याबाईला पुढं घेऊन तिच्याकडून काळेवाडीचं वदवून घेतलं. तीन महिने न झालेलं काम पाऊण तासात झालं. वकिलांच्या कपाळावर घाम आला, तो पुसायलाही तिनं त्यांना सवड दिली नाही.

"झालं," वकील म्हणाले. "आता परत वाचत बसायला नको. लाव रे चिमाजी अंगठा."

चिमाजीच्या अंगठ्याला शाई लागलेली होती. तो कागदाकडं गेला आणि मध्येच थांबला. सगळे त्याच्याकडं बघत होते.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "आदी वाचा."

आवाज जरा चिरकला, पण शब्द गेला. गवराबाईला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि शाईचा वास झोंबला असं तिनं कौशल्याबाईला सांगितलं. कारकुनानं पहिल्यापासून वाचलं. चिमाजीनं एकेका सीमेला बोट दुमडून, आठवून, मगच व्हय म्हटलं. वकील तोवर उभेच होते.

बाहेर आल्यावर वकिलांची नजर परत डालीवर गेली. गवराबाईनं ती उचलून कौशल्याबाईच्या हातात दिली. "लेकीला न्या. पाडाचे हायेत."

आखितीच्या सकाळी काळेवाडीच्या घरात गाडी रिकामी झाली. मुरारी भांडी आत नेत होता. गवराबाईनं तीन दगड दाराजवळ मांडले आणि नवऱ्याला विचारलं, "हितंच चूल मांडू न्हवं?" विचारायचं म्हणून विचारलं. तीस वर्षं ती असंच विचारत आली होती आणि तीस वर्षं चिमाजी व्हय म्हणत आला होता.

चिमाजीनं दाराकडं पाहिलं, नदीकडून येणारा वारा अंगावर घेतला आणि म्हणाला, "न्हाई. जाळ ऱ्हायचा न्हाई. त्या कोपऱ्यात मांड."

गवराबाईनं दारात हात धरून पाहिला. वारा खरंच सरळ आत येत होता, त्यामुळं भांडायचीही सोय नव्हती.

"बया," ती दगड उचलत मुरारीला म्हणाली, "वकिलाच्या तावडीतनं घर वाचलं, पर नवरा बिघडला की रं माझा."

आणि तिनं चूल कोपऱ्यात मांडली.