एकपासून सुरू होणारी टेप

मित्रांनो, मी गणवेश शिवणाऱ्या एका मास्तरांच्या गळ्यातली जुनी टेप. बाकीच्या टेपा शून्यापासून सुरू होतात, मी एकपासून होते. हसू नका. माझ्या त्या नसलेल्या इंचापायी एकदा सहाशे मुलांचे गणवेश बिघडायची वेळ आली होती.

कारखान्यात माझ्या पिवळ्या पट्टीवर काळे आकडे छापले, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या बसवल्या आणि मी मास्तरांच्या दुकानात आले. लांबट खोली, खिडकीपाशी तीन शिलाई मशिनी आणि मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल. शेजारच्या शाळेचे गणवेश इथेच शिवले जायचे. मी अंगाला लागले की मुलांना गुदगुल्या व्हायच्या. मास्तर ओरडायचे, "पोट आत ओढू नकोस रे, फोटो नाही काढत मी!" मग ते माझ्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचे आणि पहिल्या मशिनीवरच्या मोठ्या ताई तो वहीत लिहायच्या.

एके दिवशी गरम इस्त्री माझ्या टोकावर टेकली आणि पहिला इंच करपला. मास्तरांनी तो कात्रीने सरळ छाटून टाकला. "एका इंचाने काय बिघडतंय!" म्हणाले. खरंच काही बिघडलं नाही. चोवीस इंचांची कंबर मी पंचवीस दाखवायचे. पण कापडावरही मास्तर मलाच टेकवून पंचवीस मोजायचे, म्हणजे कापड चोवीसच निघायचं. अंगाला आणि कापडाला एकच चूक, त्यामुळे कपडा चपखल बसायचा. अशी सात वर्षं गेली. मास्तरसुद्धा तो इंच विसरून गेले.

दर उन्हाळ्यात शाळा उघडण्याआधी कोणत्या मापाचे किती गणवेश शिवायचे, हे मास्तर अंदाजाने ठरवायचे. शाळा लहान होती तोवर अंदाज चालला. मग शाळा वाढली. एका वर्षी लहान मापं दुसऱ्याच दिवशी संपली, मोठे सदरे हँगरवर लटकत राहिले आणि पालक दारात ताटकळले. म्हणून पुढच्या उन्हाळ्याआधी मुख्याध्यापिकाबाई स्वतः दुकानात आल्या.

"मास्तर, यंदा पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचा गणवेश हवा. नाही जमलं, तर पुढच्या वर्षीपासून कंपनीचे तयार कपडे मागवीन."

तिन्ही मशिनी एकदम थांबल्या. शाळेचं काम गेलं तर त्या कायमच्याच थांबणार, हे मास्तरांच्या गळ्यात लोंबकळतानाही मला कळलं.

मास्तरांच्या सूनबाईंनी मग कंबर कसली. दहा वर्षांच्या वह्या काढल्या, टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप मांडला आणि यंदा कोणत्या मापाचे किती लागतील ते काढायला एकेक माप भरायला घेतलं.

"तुझ्या त्या डब्याने कधी एखाद्या पोराला टेप लावलीय का?" मास्तरांनी टोमणा मारला.

"नाही, बाबा. पण तो विसरत नाही."

"म्हणजे मी विसरतो?"

सूनबाईंनी नुसतं हँगरकडे पाहिलं. मोठ्या ताईंनी हसू दाबायला दोरा दातांत धरला.

थप्पीने कापड कापणारं यंत्र आलं. टेबलाच्या कडेला इंच कोरलेली स्टीलची पट्टी ठोकली गेली. मला खुंटीवर टांगलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

कापणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होणार होती. सूनबाई स्क्रीनवरचा आलेख पुन्हा पुन्हा बघत होत्या. त्यांचा स्वभावच तसा. त्यांची मुलगी चिमणी चार वर्षांची. दर महिन्याला तिची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहायच्या आणि रेघ सरकली नाही की काळजी करत बसायच्या. वाढत्या अंगाचं गणित त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

"बाबा, हे बघा. दुसरीतली मुलं तीन वर्षं जवळपास सारखी आहेत आणि चौथ्या वर्षी एकदम इंचभर मोठी."

"त्या वर्षी दूध चांगलं आलं असेल," मोठ्या ताई म्हणाल्या.

"दुधाने बाही, छाती, कंबर, सगळं बरोबर एकेकच इंच वाढतं? आणि पहिलीपासून सातवीपर्यंत सगळ्यांचं? मुलं आहेत की रबर?"

त्यांनी मला खुंटीवरून काढलं. टेबलाखाली चिंध्यांशी खेळणाऱ्या चिमणीला उभं करून तिच्या कमरेभोवती फिरवलं. एकवीस. तिथेच अंगठ्याने दाबून मला स्टीलच्या पट्टीवर पसरलं. वीस!

मास्तरांनी माझं छाटलेलं टोक चिमटीत धरलं. "मीच कापली होती हिला," ते हळूच म्हणाले. "माझ्या लक्षातच राहिलं नाही, पोरी."

नव्या पट्टीने ते आकडे कापडावर उतरले असते, तर सहाशे पोरं कमरेची चड्डी हातात धरून प्रार्थनेला उभी राहिली असती.

सूनबाईंनी सात वर्षांच्या मापांतून एक इंच वजा केला आणि सगळा हिशोब नव्याने मांडला. कोणती मापं वाढतायत, कोणती कमी होतायत, ते आता स्वच्छ दिसलं. वर पन्नास गणवेशांचं कापड त्यांनी न कापता राखून ठेवलं. ऐन वेळी दाखल होणाऱ्या मुलांसाठी. मास्तरांनी मान डोलावली. "हे मला सुचायला हवं होतं," एवढंच बोलले.

शाळा उघडली तेव्हा एकही मूल गणवेशावाचून परतलं नाही. आठवडाभरात राखीव कापडही कामी आलं. हँगरवर उरले फक्त नऊ सदरे. मुख्याध्यापिकाबाईंनी दुकानात येऊन पुढच्या वर्षीचं काम उभ्याउभ्या सांगितलं आणि त्यांची पाठ वळायच्या आत तिन्ही मशिनी सुरू झाल्या.

त्या दिवशी मास्तरांनी सातही वह्यांच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं: "या वहीतल्या प्रत्येक मापातून एक इंच वजा करावा. टेप मी कापली आहे."

मित्रांनो, नवी साधनं बेधडक घ्या. ती तुम्हाला पुढचं दाखवतील. पण त्यांच्या पोटात आमचेच आकडे जातात, म्हणून आम्हा जुन्यांना खुंटीवर टांगण्याआधी आमची खोड विचारून घ्या. आम्हाला जपा, पण आमचा दोष झाकू नका, लिहून ठेवा. मी सात वर्षं चुकले, पण रोज अगदी सारखीच चुकले. म्हणून तर माझ्या वह्या फेकाव्या लागल्या नाहीत.

परवा चिमणी मला गळ्यात घालून मास्तर-मास्तर खेळत होती. माझं टोक निरखून म्हणाली, "आई, हिचा पहिला इंच कुठे गेला गं?"

"सापडलाय," सूनबाई म्हणाल्या. "वहीत आहे."