शनिवारपर्यंतच्या नोंदी

डायलिसिसच्या खोलीबाहेर खिळ्याला एक हिरवी नोंदवही टांगलेली असते. यंत्र रोज तपासून तिच्यात एक शब्द लिहायचा, हे माझे काम. शब्द ठरलेला होता: 'सुस्थितीत'. रुजू झालो त्याच आठवड्यात हेडक्लार्कांनी मला सोमवारीच शनिवारपर्यंतच्या नोंदी भरून टाकायला शिकवले. "रोज तेच काय गिरवत बसायचं? यंत्र काय पळून जातंय?" माझे अक्षर वळणदार आहे. त्या वळणांत दोन वर्षे निघून गेली आणि मला त्याचे काही वाटले नाही.

यंत्र बंद पडले तो गुरुवार होता. त्याला जोडलेली होती माझी ताई.

तिचे रक्त आठवड्यातून तीनदा शुद्ध व्हायला हवे. दुसरे सरकारी रुग्णालय बसने चार तासांवर. तिथे फक्त शुक्रवारची पाळी मिळाली. तिचे पाय इतके सुजले की ती माझ्या चपला घालू लागली. पुढच्या सोमवारी वहीवर माझा हात अडला. हेडक्लार्क म्हणाले, "दुरुस्तीचं पत्र वर गेलं की 'बंद' लिहू. आधीच लिहिलंस तर आपल्यालाच विचारतील." पत्र त्यांच्या पेपरवेटखाली होते. मी लिहिले. असे तीन सोमवार गेले.

त्यांतल्या दुसऱ्या सोमवारनंतर ताईनेच, उशीला टेकून, धापा टाकत, वरच्या कार्यालयाकडे तक्रार लिहिली. मी सहीसाठी पेन उचलले तर तिने ते काढून घेतले. "तू नको. तुझी नोकरी गेली तर घर कसं चालेल?"

चौकशी अधिकारी बाई मंगळवारी आल्या. ताई बाकावर होती, मी भिंतीला चिकटून उभा. बाईंनी आधी वही मागितली.

"तक्रारीप्रमाणे यंत्र बंद पडून आज एकोणीस दिवस झाले. इथे रोज 'सुस्थितीत' आहे."

"पेशंट आहेत मॅडम, कंटाळतात," हेडक्लार्क समजुतीच्या सुरात म्हणाले. "मन थाऱ्यावर नसतं."

ताईने माझ्याकडे पाहिले नाही. तिने पाहिले असते तर कदाचित मी गप्प राहिलो असतो.

"मॅडम," मी म्हणालो, आणि तो आवाज मला परक्याचा वाटला. "आज मंगळवार आहे. खालच्या ओळी वाचा."

बाईंनी बोट खाली नेले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. अजून न उजाडलेले चार दिवस सुस्थितीत होते.

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

बाई उठल्या, खोलीत जाऊन त्यांनी स्वतः यंत्राचे बटण दाबले. दोनदा दाबले. पडदा काळाच राहिला. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा थकलेला होता.

"खरं बोललात, ते जबाबात लिहिते. पण तुम्हाला निलंबित करावं लागेल. आणि दप्तरी यंत्र चालू आहे. चालू यंत्राला दुरुस्ती मंजूर होत नाही. आधी या नोंदी समितीकडून खोट्या ठरायला हव्यात."

"किती दिवस लागतील?" ताईने विचारले.

"महिना तरी. मी लवकर करायला सांगेन."

बाई वही घेऊन गेल्या. खिळा तेवढा भिंतीवर उरला.

मी ताईच्या पायांपाशी बसलो. माझ्याच चपलांचे पट्टे तिच्या कातडीत रुतले होते. ते सैल करताना खाली खोल वळ दिसले. क्षमा मागायला शब्द हवा होता, आणि मला एकच शब्द लिहायची सवय होती.

"काय सुंदर अक्षर रे तुझं," ती हळूच म्हणाली. "यंत्रालासुद्धा वाटलं असेल, आपण चालू आहोत."

मी दुसऱ्या चपलेचा पट्टा सैल केला.

"बरं झालं. आता मला बसने न्यायला तुला रजा मागायला नको."

मग ती सुजलेली बोटे एकेक मिटत मोजू लागली. बुधवार. गुरुवार. शुक्रवारपाशी तिला धाप लागली, आणि तिने मोजणे सोडून माझा हात धरला.