डाव्या बाजूचा आरसा

हौसरावांच्या गाडीचा डावा आरसा फुटला तो स्वतःच्याच घराच्या फाटकाला घासून. एकवीस वर्षांत ते फाटक जागचं हललं नव्हतं. तरी हौसराव म्हणाले, गवंड्यानं खांब वाकडा बांधलाय. त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी, एवढंच म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

हौसरावांनी दौंडहून पस्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं, एक सिग्नल कधी चुकवला नाही. आणि अशा माणसाला मुलगा, सत्यजीत, पुण्यातून फोनवर सुनवायचा, "आप्पा, आता गाडीला ओरखडा जरी आला, तरी किल्ली मी घेऊन जाणार." उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातंय! तो आज संध्याकाळी येणार होता. गाडी गेली की दर गुरुवारची भांडगावची फेरी बंद, लेकीकडं, अनिताकडं जायचं तर कुणाच्या तरी हातापाया पडणं आलं. हौसरावांना ते मरणाहून वाईट वाटत होतं.

गॅरेजवाला रविराज सत्यजीतचा वर्गमित्र, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून हौसरावांनी दुकानातून आरसा आणला आणि सकाळीच अंगणात काम काढलं. दाराच्या आतलं त्रिकोणी झाकण उचकटलं. नट दाराच्या पोटात पडू नयेत म्हणून फटीत फडकं कोंबलं. तिन्ही नट दहाच्या पान्यानं सोडवले, नवा आरसा बसवून पुन्हा आवळले. यातलं काही त्यांनी बघून केलं नाही, सगळं बोटांनी चाचपून केलं. वर्षभर त्यांचं असंच चाललं होतं. शर्टाची बटणं चाचपून, दाढी चाचपून. पेपर नुसता समोर धरून बसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, गेलेली नजर परत येत नाही म्हणाले होते. तपासणीचा कागद हौसरावांनी ट्रंकेत तळाशी घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्यांनी हाक दिली, "सरू, मागं डाव्या अंगाला हुबी ऱ्हा. दिसलीस की सांगतो."

सरूबाई मागं गेल्या. हौसराव आडवा हात लांबवून आरशाची आतली दांडी फिरवू लागले. आरशात नुसतं धुकं. थोडी वर केली, थोडी आत घेतली. मग कधीतरी त्या धुक्यात हिरवा पट्टा आला. सरूबाईंचं लुगडं हिरवंच होतं. हौसरावांच्या जिवात जीव आला.

"दिसलीस गं. साफ दिसलीस. पदर खोचलायस. आता हलू नगंस."

"अवो, मी हितं हाय."

आवाज उजव्या खिडकीतून आला. अनिताचा फोन आला म्हणून सरूबाई तो घेऊन केव्हाच पुढं आल्या होत्या. मागं दोरीवर हिरवी चादर वाळत होती.

"आई, आज गुरुवार, निघालात का?" फोनमधून अनिता विचारत होती.

"करते गं मागनं," म्हणून सरूबाईंनी फोन ठेवला.

"आरसा नवा हाय. सवय व्हायला येळ लागतो," हौसराव म्हणाले.

सरूबाईंनी चादरीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तिथंच हौसरावांना भीती वाटली.

"इंजिनावर तुमी आन् तुमचा असिस्टंट, दोघंबी सिग्नल मोठ्यानं पुकारायचा न्हवं?" सरूबाईंनी विचारलं.

"व्हय."

"आन् दोघांस्नी येगळं दिसलं तर?"

हौसरावांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. हा नियम त्यांनीच बायकोला शंभरदा ऐकवला होता, छाती फुगवून.

"गाडी हुबी करायची," ते म्हणाले.

सरूबाईंनी खिडकीतून हात पुढं केला. हौसरावांनी किल्ली काढली. डोळे भरून आले होते, त्यात उरलंसुरलंही दिसेना. किल्ली धरलेला हात ते खिडकीत इकडं तिकडं नेत राहिले. शेवटी सरूबाईंनीच त्यांची बोटं धरली आणि एकेक सोडवून किल्ली काढून घेतली.