काथवटीतले आजोबा

आमच्या जुन्या घरात माणसं इतकी दाटीवाटीने बसली होती, की कुणाचा गुडघा कुणाचा ते कळत नव्हतं. आत मावले नाहीत ते बाहेर वाळूवर पालथे पडून झापांच्या भिंतीखालून डोकावत होते. सगळ्यांच्या नजरा आढ्याकडे. तिथे माझ्या वारलेल्या आजोबांची लाकडी काथवट टांगलेली होती, सालीच्या कापडाने झाकलेली. खाली मधल्या खांबाला पाठ टेकून, पाय कापडात गुंडाळून पा तौमाले बसला होता, डोळे पांढरे करून थरथरत.

"आजोबा, आलात का?" त्यानेच विचारलं.

काथवट खडखडली. बायकांनी माना खाली घातल्या.

एकदा खडखडली की होय, दोनदा खडखडली की नाही. पा तौमालेच्या अंगात आजोबा येत आणि काथवटीतून बोलत, असा सगळा कारभार होता.

"वादळ का आलं, आजोबा? लोकांनी मान ठेवला नाही म्हणून?"

खड.

"तुमचा मान?"

खड.

"म्हणजे ओघाने माझाही?"

खड. या वेळी जरा जोरातच.

हा पा तौमाले म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या तिकोपिया बेटावर लग्न झालं की पुरुषाला त्याच्या घराच्या नावाने 'पा' अमुक म्हणतात आणि बाईला 'नाउ' अमुक. तो तळ्यापलीकडच्या गावचा, आजोबा गेल्यानंतर आमच्यात आलेला. मासेमारीला निघाला की त्याचं डोकं दुखायचं, मळ्यात निघाला की कंबर. वादळानंतर मात्र अंगात यायला लागलं आणि दोन्ही दुखणी पळाली.

वादळाने आमचं सगळं झोपवलं होतं. अळू कुजलं, केळी आडव्या झाल्या. वाचले ते फक्त डोंगराआडच्या खोलगट जागेतले नीरफणस, आणि ते होते माझ्या विधवा काकूचे, नाउ फारेसीचे. तिच्या पदरात दोन लहान नातवंडं. पहिली फळं तयार झाली आणि आजोबांनी काथवटीतून हुकूम सोडला, की ती झाडं काकूला वर्ज्य. फळं काढायची ती पा तौमालेने, भाजायची त्याच्या चुलीत, आणि वाटायची आजोबा सांगतील तशी. आजोबा नेमके त्याच्याच घराकडे वाटत. खोडांना नारळाच्या झावळ्या बांधल्या गेल्या. झावळी बांधलेल्या झाडाला आमच्याकडे कुणी बोट लावत नाही. काकूची नातवंडं रानातले कडू कंद उकडून खाऊ लागली. धाकटीचं पोट फुगलं आणि हातपाय काड्या झाले.

काकू कुळप्रमुखाकडे गेली. तो माणूस न्यायाचा, पण पूर्वजाच्या शब्दापुढे त्याने हात टेकले. काथवट उतरवून बघू, असं मी सुचवलं, तर पा तौमालेने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तिला हात लावणाऱ्याचा हात झडेल. माझ्या बहिणीने मला बाजूला घेऊन विनवलं, हात झडला तर होडी कोण वल्हवणार.

पुढे एकदा काकूने मला मळ्याच्या वाटेवर गाठलं.

"काय रे, मामंजींना शेवटी दात होते का?"

"एकही नव्हता. तूच तर त्यांना नीरफणसाचा लगदा भरवायचीस."

"मग काथवटीत रोज ओल्या नारळाची भकलं ठेवावी लागतात, ती कोण चावतंय?"

मेल्यावर दात परत येत असतील, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी आपला वाटेला लागलो.

त्यानंतरच्या बैठकीत तिने हात जोडून विचारलं, "मामंजी, तुम्ही घशात माशाचा काटा अडकून गेलात, नाही का?"

खड.

आजोबा झोपेत गेले होते, हे त्या घरात पा तौमाले सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. कुजबुज झाली. त्यावर पा तौमालेने डोळे न उघडताच समजावलं, की मेलेल्याला मरणाच्या वेळचं नीट आठवत नाही. लोकांना ते पटलं. काकूला सगळ्यात लागलं ते हेच, की लोकांना ते पटलं.

मग ती म्हणाली की आपण पूर्वजाची परीक्षा घेतली, चूक झाली, माफी मागते. आमच्याकडे माफी मागायची ती रांगत जाऊन, समोरच्याच्या पावलाला नाक टेकवून. पा तौमालेने पाय आखडले. "असू दे, काकू, असू दे. मनातून मागितली तरी पोचते." पण कुळप्रमुख म्हणाला, रीत आहे, मागू दे.

काकूने कापड बाजूला सारलं, पावलावर नाक टेकवलं, आणि बराच वेळ डोकं वर केलंच नाही. मग तशीच वाकून तिने विचारलं, "जावईबापू, अंगठ्याला हे काय बांधलंय?"

काथ्याची बारीक दोरी होती. अंगठ्यापासून खांबामागे आणि तिथून वर गेलेली. त्या खांबाला नक्षीसाठी काथ्याच गुंडाळलेला, त्यात ही आणखी एक दोरी कुणाला दिसणार?

"हा आजोबांचा आणि माझा धागा आहे," पा तौमाले म्हणाला.

"मग मी तर त्यांची सून." काकूने दोरी हिसकली. खड. दोनदा हिसकली. खड, खड. मग तिने वर बघून विचारलं, "मामंजी, जावईबापू थापा मारतात का?" आणि एकदाच हिसका दिला.

खड.

भिंतीखालून पहिलं हसू फुटलं. काकूने मग सगळा जोर लावून दोरी ओढली. काथवट कलंडली आणि नारळ सोलून खाणारा भला थोरला खेकडा, पायाला दोरी बांधलेला, धपकन पा तौमालेच्या पोटावर पडला. इतके दिवस पायाला हिसके खाऊन तो वैतागलेला होता. समोर कमरेचं वस्त्र दिसलं, ते त्याने नांगीत धरलं. पा तौमाले अंगठ्यातली दोरी ओरबाडून माणसांच्या अंगावरून रांगत सुटला. वस्त्र मागे राहिलं.

तरीही एक म्हातारा म्हणाला, की आजोबांनीच खेकड्याचं रूप घेतलं असेल.

"असेल की," काकू म्हणाली. "विचारा त्यालाच. दोरी मी सोडलीय."

म्हाताऱ्याने खेकड्यासमोर बसून अदबीने विचारलं. पुन्हा विचारलं. खेकडा खाली सांडलेलं खोबरं खात राहिला.

कुळप्रमुखाने स्वतः जाऊन खोडांवरच्या झावळ्या सोडल्या. पा तौमाले काही दिवस तळ्यापलीकडे तोंड लपवून होता. मग माझी बहीण जाऊन त्याला घेऊन आली आणि काकूच्या मळ्यात अळू लावायला उभा केला. कंबर दुखल्याची तक्रार तिने ऐकून घेतली नाही. काकूची धाकटी नात भाजलेला नीरफणस दोन्ही हातांत धरून खात बसायची, तेव्हा मी तिच्याकडे बघत राहायचो.

आम्ही आजोबांना आजही मानतो, पहिलं फळ त्यांच्या नावाने ठेवतो. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण कुणी येऊन म्हणालं की पूर्वज माझ्या तोंडून बोलतात, तर ते कुणाच्या फायद्याचं बोलतात ते आधी पाहा, आणि झाकलेलं काही असेल तर उघडून बघा. बघू नका म्हणणारा भेटला, तर हमखास बघा. वादळ थांबवणं आमच्या हातात नव्हतं. त्या पोरांची उपासमार थांबवणं होतं.